हृदयाचे गाऱ्हाणे

मराठी भाषेने हृदयाला कधीच मुके मानलेले नाही. आपला ऊर भरून येतो, काळीज चर्र होते, छाती दडपते, आणि एखादी बातमी कानी पडताच काळजाचा ठोका चुकतो. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्यांना शरीरशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु दुःख आधी छातीत उमटते आणि मग डोळ्यांतून वाहते, एवढे त्यांना पक्के माहीत होते. शास्त्रज्ञांनी मात्र या बोलक्या हृदयाला फार पूर्वीच गप्प करून टाकले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना, बुद्धीचे आणि संवेदनांचे आसन हृदयात आहे असे ॲरिस्टॉटल मानत असे, हे ऐकून आम्हां विद्यार्थ्यांना हसू आले होते. १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला आणि हृदय हे रक्त पुढे ढकलणारे साधन ठरले. १६६४ साली निकोलस स्टेनो या डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञाने तर स्पष्टच सांगितले, की हृदय हा एक स्नायू आहे. स्नायूत जे असते ते सर्व त्यात आहे आणि स्नायूत जे नसते ते त्यातही नाही. हाच स्टेनो पुढे कॅथलिक झाला, धर्मगुरू झाला, बिशप झाला. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले. स्टेनोचे निरीक्षण अचूक होते. परंतु त्यानंतर तीन शतके वैद्यकाने हृदयाकडे पाहिले ते विहिरीवरच्या पंपाकडे पाहावे तसेच. पंप चालतो किंवा बिघडतो, तो बोलत नाही.

हृदय बोलते, हे विज्ञानाला आता पुराव्यानिशी मान्य झाले आहे. ते कोणत्या भाषेत बोलते, झटका येऊन गेल्यावर काय सांगते, आणि चालण्याफिरण्याचा साधा व्यायाम त्याचे बोलणे कसा बदलतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वैद्यकाचा आणि लिहिणारा धर्मगुरू, याचे वाचकांना नवल वाटेल. आमचा अधिकार दोन गोष्टींपुरताच आहे. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा झटक्यातून वाचलेली माणसे पुढे कशी जगतात हे आम्ही पाहत आलो आहोत. आणि २०२२ सालापासून आम्ही स्वतःही त्यांच्यातलेच एक आहोत.

प्रथम शोधाची हकिकत सांगू. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका. बाहेरून आलेले रक्त त्या स्वीकारतात. खालचे दोन म्हणजे जवनिका. त्या रक्त जोराने पुढे धाडतात. १९५६ साली ब्रुनो किश या संशोधकाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या कर्णिकांच्या पेशींत बारीक, गडद कण दिसले. १९६४ साली जेमिसन आणि पलाडे यांनी त्यांचे सविस्तर वर्णन केले. हे कण ग्रंथींच्या पेशींतील कणांसारखे दिसत होते. ग्रंथी म्हणजे शरीरातील संदेश तयार करणारी कचेरी. अशा कचेरीतले लखोटे हृदयात कशासाठी, हा प्रश्न सोळा-सतरा वर्षे तसाच राहिला.

त्याचे उत्तर १९८१ साली कॅनडातील किंग्स्टन या गावी मिळाले. अर्जेंटिनात जन्मलेले अडोल्फो द बोल्ड हे तेथील क्वीन्स विद्यापीठात आणि ओतेल-द्यू या रुग्णालयात काम करीत होते. संत जोसेफ यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णसेवी भगिनींनी १८४५ साली ते रुग्णालय स्थापन केले होते. द बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिकांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांतच त्या उंदरांच्या मूत्रातून बाहेर पडणारे मीठ तीस पटींहून अधिक वाढले आणि मूत्राचे प्रमाण दहापट झाले. जवनिकांच्या अर्काने असे काहीच घडले नाही. अर्थ उघड होता. कर्णिका रक्ताने तट्ट भरली, तिची भिंत ताणली गेली, की ती एक रसायन रक्तात सोडते. ते रसायन मूत्रपिंडांना सांगते, "मीठ आणि पाणी बाहेर टाका, मला भार सोसवत नाही." अशा संदेशवाहक रसायनांना आपण संप्रेरके म्हणतो. या संप्रेरकाला ए.एन.पी. असे नाव मिळाले. डोळ्यांवाटे पाणी वाहवणाऱ्या दुःखाविषयी आपल्या आज्या बोलत होत्या. मूत्रपिंडांवाटे पाणी वाहवणारे हृदय द बोल्ड यांनी दाखवून दिले. २०२१ साली ते वारले.

१९८८ साली, म्हणजे स्टेनोच्या गौरवाच्याच वर्षी, जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत याच जातीचे दुसरे संप्रेरक सापडले. मेंदूत सापडले म्हणून त्याच्या नावात मेंदूचा उल्लेख आला आणि बी.एन.पी. हे नाव रूढ झाले. पुढे लक्षात आले, की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या जवनिकांतच तयार होते. नाव मात्र चुकीचेच राहिले. बी.एन.पी. तयार होताना त्याच्या मूळ साखळीचा एक तुकडा वेगळा पडतो. तो रक्तात अधिक काळ टिकतो आणि मोजायला सोयीचा असतो. आज रुग्णालयाच्या कागदावर एन.टी.-प्रोबीएनपी असे जे लिहिलेले दिसते, तो हाच तुकडा.

आता झटक्याकडे वळू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बंद पडते आणि स्नायूचा काही भाग मरतो. मेलेल्या भागाचे काम उरलेल्या भागावर पडते. आपले शरीर फार प्राचीन काळी घडलेले आहे. रक्ताचा प्रवाह मंदावला की त्याला एकच अर्थ कळतो: कोठेतरी जखम झाली आहे, रक्त वाहून चालले आहे. मग ते आणीबाणी पुकारते. ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन हृदयाला अधिक वेगाने धावायला लावतात. मूत्रपिंडातून रेनिन निघते, त्याच्यामुळे अँजिओटेन्सिन तयार होते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अल्डोस्टेरोन मीठ आणि पाणी अडवून धरते. रानात जखमी झालेल्या माणसाचा जीव या साऱ्याने वाचत असेल. परंतु ज्याच्या हृदयाचाच लचका तुटला आहे त्याच्यासाठी ही आणीबाणी म्हणजे थकल्या बैलाला टोचलेली पराणी होय. बैल चार पावले पुढे जातो आणि अधिकच थकतो. हे महिनोन्महिने चालले तर जवनिका हळूहळू फुगते, तिची भिंत पातळ होते, आणि हृदय दुबळे होत जाते.

या आणीबाणीच्या विरुद्ध हृदय स्वतःची दोन संप्रेरके घेऊन उभे राहते. ए.एन.पी. आणि बी.एन.पी. रक्तवाहिन्या सैल करतात, मीठपाणी बाहेर काढतात, रेनिन आणि अल्डोस्टेरोनला आवर घालतात. झटक्यानंतर पहिल्या दिवसातच बी.एन.पी. वाढते. इजा मोठी असेल तर पाचव्या दिवसाच्या सुमारास ते पुन्हा एकदा उसळी घेते. पुढे ते खाली यावे अशी अपेक्षा असते. ते चढेच राहिले तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते, कारण हृदय अजून ताणाखाली आहे असा त्याचा अर्थ होतो. आम्ही याला हृदयाचे गाऱ्हाणे म्हणतो. गाऱ्हाणे हा काही रोग नसतो. ज्या घरात गाऱ्हाणे ऐकले जाते त्या घरात रोगावर उपाय होण्याची आशा असते.

मग हे गाऱ्हाणे ऐकायचे कसे? गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे उत्तर एकच होते: अंथरूण. १९३९ साली मॅलरी, पॉल डडली व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने झटक्यात मेलेल्या स्नायूची जखम भरून घट्ट व्रण होण्यास किती काळ लागतो याचा अभ्यास केला. उत्तर महिना-दोन महिन्यांचे आले. तेव्हा रुग्णाने निदान सहा आठवडे पाठीवर पडून राहावे, हा दंडक सर्वत्र दृढ झाला. काही ठिकाणी त्याला स्वतःच्या हाताने घासही घेऊ देत नसत. हेतू सद्हेतू होता. परंतु पडून राहिलेल्या शरीरात पायांच्या शिरांत रक्त गोठते, फुप्फुसांत कफ साचतो, स्नायू झडतात आणि मन खचते. १९५२ साली बोस्टनचे सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच अंथरुणातून उचलून आरामखुर्चीत बसवले आणि त्याने अपाय होत नाही हे दाखवून दिले. खुर्चीत बसणे हीसुद्धा त्या काळी क्रांतीच होती. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे झटका आला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत तेच डॉक्टर व्हाइट होते, ज्यांच्या अभ्यासावरून सहा आठवड्यांचा दंडक पडला होता. व्हाइट स्वतः चालण्याचे आणि सायकलीचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी राष्ट्राध्यक्षांना कायमचे आजारी न ठरवता पायऱ्या-पायऱ्यांनी हालचालीकडे आणि कामाकडे परत नेले. आयझेनहॉवर १९५६ ची निवडणूक जिंकले आणि १९६९ पर्यंत जगले.

खरे तर हा धडा त्याहूनही जुना आहे. छातीत कळ येण्याच्या विकाराचे पहिले उत्तम वर्णन १७७२ साली प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम हेबर्डन या लंडनच्या वैद्याने आपल्या एका रुग्णाची नोंद करून ठेवली आहे. तो गृहस्थ रोज अर्धा तास लाकडे कापीत असे आणि त्याचा विकार जवळजवळ नाहीसा झाला होता. कोणत्या संप्रेरकाने हे घडले, ते सांगण्याचे साधन हेबर्डनपाशी नव्हते. ते आज आपल्यापाशी आहे.

येथे एक विरोधाभास नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याने पुष्कळ रुग्ण घाबरतात. व्यायाम चालू असताना ही संप्रेरके कमी होत नाहीत, वाढतात. चालू लागताच पायांतले रक्त वेगाने हृदयाकडे परतते, कर्णिका ताणली जाते आणि ए.एन.पी. वाढते, ॲड्रिनॅलिनही वाढते. हा तात्पुरता चढ असतो. ए.एन.पी. तर रक्तात दोन-चार मिनिटांपलीकडे टिकत नाही. खरी कसोटी वेगळी आहे. काही महिने नियमित चालल्यानंतर माणूस शांत बसलेला असताना त्याच्या रक्तात काय आढळते, हे पाहायचे. अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णांना सोळा आठवडे देखरेखीखाली चालवले गेले. त्यांच्या विश्रांतीच्या वेळचे अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरोन आणि ए.एन.पी. सुमारे पाव ते एक-तृतीयांश भागाने उतरले. २००६ साली इटलीतील नेपल्स येथील डॉक्टरांनी झटका येऊन गेलेल्या ४४ रुग्णांचे दोन गट केले. ज्या गटाने तीन महिने व्यायाम केला त्यांचे एन.टी.-प्रोबीएनपी लक्षणीय उतरले, आणि त्यांच्या जवनिकेचे फुगणेही आटोक्यात राहिले. त्याच वर्षी पिसा येथे नऊ महिने चाललेल्या अभ्यासात दुबळ्या हृदयाच्या रुग्णांत बी.एन.पी. आणि नॉरॲड्रिनॅलिन दोन्ही उतरल्याचे दिसले. आणीबाणी पुकारणारी आणि तिच्याविरुद्ध गाऱ्हाणे घालणारी, अशी दोन्ही बाजूंची संप्रेरके एकाच वेळी शांत झाली. भांडणाचे मूळच सैल पडले, असे याचे सार आहे.

हे कशाने घडते? नियमित चालण्याने पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात. मग तोच जिना चढताना हृदयाला पूर्वीइतके राबावे लागत नाही. धमन्यांचे अस्तर सुधारते आणि त्या सहज सैलावतात. हृदयाला पळवणाऱ्या मज्जातंतूंचा जोर कमी होतो, त्याला धीर देणाऱ्या मज्जातंतूंचा वाढतो. जवनिकेच्या भिंतीवरचा ताण घटला की तिला तक्रार करण्याचे कारण कमी उरते. एखाद्या वाडीत सगळे काम एकट्या बापाच्या अंगावर पडलेले असावे आणि हळूहळू मुलांनी एकेक काम उचलावे, तसे हे आहे. बापाची तब्येत औषधाने सुधारते, तशीच मुले कामाला लागल्यानेही सुधारते.

शंका आल्या नाहीत असे नव्हे. मोठ्या झटक्यानंतर व्यायाम केल्यास नुकताच भरलेला व्रण ताणला जाऊन जवनिका अधिकच फुगेल, अशी भीती १९८८ साली कॅनडातील काही डॉक्टरांनी पुराव्यासह बोलून दाखवली होती. इटलीतील संशोधकांनी १९९३ आणि १९९७ साली काळजीपूर्वक तुलना करून दाखवले, की योग्य वेळी सुरू केलेला, मापात ठेवलेला व्यायाम असे करीत नाही. २००९ साली २,३३१ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुबळ्या हृदयाच्या माणसांनाही व्यायाम सुरक्षित आहे हे त्यातून ठरले, जरी आयुर्मानावरचा लाभ अपेक्षेहून माफक निघाला. २०२१ साली ८५ अभ्यासांतील २३,४३० रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला. व्यायामावर आधारित पुनर्वसनाने पुन्हा झटका येणे, रुग्णालयात परत जावे लागणे आणि हृदयविकाराने मृत्यू येणे, या तिन्ही गोष्टी घटतात असा त्याचा निष्कर्ष आहे. संप्रेरकांचा आकडा मात्र प्रत्येक अभ्यासात सारखाच उतरला असे नाही. आधुनिक औषधे भरपूर मिळत असतील तेथे व्यायामाचा वेगळा वाटा ओळखणे अवघड जाते.

आमच्या बाबतीतही तसेच म्हणावे लागेल. झटक्यानंतर दुसऱ्या आठवड्यात आमच्या रक्तातला हा आकडा चढा होता. आठ महिन्यांनी तो निम्म्याहून खाली आला. त्यात औषधांचे किती, बसवलेल्या स्टेंटचे किती आणि चालण्याचे किती, हा हिशेब कोणीही डॉक्टर मांडून देणार नाही. आम्हाला जे निश्चित सांगता येते ते इतकेच. रुग्णालयात तिसऱ्या दिवशी नर्सने हात धरून आम्हाला वऱ्हांड्यातून वीस पावले चालवले, तेव्हा आमचे पाय थरथरत होते ते अशक्तपणाने कमी आणि भयाने अधिक. पुढचे पाऊल टाकले तर आत काहीतरी फाटेल, असे वाटत होते. हे भय कोणत्याही तपासणीच्या कागदावर उमटत नाही. झटक्यातून वाचलेल्या पाच माणसांतील सुमारे एकाला गंभीर नैराश्य गाठते, असे अभ्यास सांगतात. त्याची सुरुवात याच भयात होत असावी.

घरी आल्यावर प्रेमाचा वेढा पडला. आमचे धर्मग्रामस्थ मायाळू आहेत. कोणी पेज आणली, कोणी शहाळी. आमची कचेरी माडीवरून तळमजल्यावर आली. चर्चच्या आवारात दहा पावलांच्या अंतराने खुर्च्या मांडल्या गेल्या. आम्ही उठू लागलो की चारही बाजूंनी आवाज यायचा, "फादर, तुम्ही बसा! आम्ही आहोत ना!" त्या प्रेमाचे ऋण आम्ही जन्मभर वाहू. तरीही डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी आम्ही दाराला चिकटवून ठेवली: पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे, मग दर आठवड्याला थोडी वाढ, तीन महिन्यांत अर्धा तास. क्रुसापासून फाटकापर्यंत, मग फाटकापासून तळ्यापर्यंत, आणि पावसाळा संपता संपता समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यापर्यंत आम्ही पोहोचलो.

परंतु ज्यांच्या दाराला चिठ्ठी नसते त्यांचे काय? आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने चाळीस वर्षे केळीच्या वाडीला पाणी लावले होते. झटक्यानंतर मुलांनी त्याला ओटीवर बसवले, ते सहा महिने तसेच. मुले गुणी, सुना गुणी. पाण्याचा पेलाही त्याच्या हाती आणून देत. एकदा ख्रिस्तशरीर घेऊन आम्ही गेलो तेव्हा आम्हाला जवळ बोलावून तो हळूच म्हणाला, "फादर, मी वाचलो की गेलो, हे मला कळत नाही." याच्या अगदी उलट दृश्य आम्ही दुसऱ्या एका घरी पाहिले. अँजिओप्लास्टी होऊन आलेली एक मावशी आठव्या दिवशी शेगडीपुढे उभी होती, पाण्याने भरलेल्या बादल्या उचलीत होती. तिला कोणी बस म्हणाले नाही. चालायला जा, असेही कोणी म्हणाले नाही. घरकामात शरीर हलतेच, मग निराळा व्यायाम कशाला, असा घरच्यांचा युक्तिवाद होता. तो खोटा आहे. जड वजन श्वास रोखून उचलण्याने रक्तदाब एकदम चढतो. घाईची, तुटक, विश्रांतीविना चाललेली कामे म्हणजे आणीबाणीचीच पुनरावृत्ती. हृदयाला हवी असते ती सलग, समतोल, लयबद्ध हालचाल, आणि तिच्यानंतरची खरी विश्रांती. पुरुषाला आपण प्रेमाने पंगू करतो आणि स्त्रीला सवयीने राबवतो. दोघांच्याही हृदयाचे गाऱ्हाणे अखेरीस न ऐकलेलेच राहते.

आपल्या देशात हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाची केंद्रे थोडी आहेत आणि ती बहुधा मोठ्या शहरांत आहेत. ही उणीव ओळखून भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाचा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांत तेरा वर्ग, सौम्य आसने, श्वसन आणि मार्गदर्शन असे त्याचे स्वरूप होते. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे यांत निश्चित फरक सिद्ध झाला नाही. परंतु रुग्णांना आपली प्रकृती अधिक बरी वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. वरील शेतकऱ्याचा प्रश्न ज्याने ऐकला आहे, तो या लाभाला लहान म्हणणार नाही.

काही गोष्टी सावधगिरीच्या म्हणून सांगितल्या पाहिजेत. व्यायाम कधी आणि किती, हे प्रत्येकाच्या डॉक्टरांनीच ठरवावे. सर्वांना एकच माप लागू पडत नाही. व्यायाम सुरू केला म्हणून गोळ्या सोडू नयेत. हृदयाची गती आवरणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडीच्या वेगावरून अंदाज चुकतो. त्यापेक्षा जुनी साधी खूण बरी: चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवावा. जेवणानंतर लगेच, किंवा टळटळीत उन्हात चालू नये. छातीत दडपण, अवाजवी धाप किंवा भोवळ आली तर तत्काळ थांबून मदत मागावी. तीन-चार दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, पाय सुजले, तर अंगात पाणी साचत असल्याची ती सूचना असते. आणि संप्रेरकाच्या आकड्याची पूजा मांडू नये. वय वाढले किंवा मूत्रपिंडे अशक्त झाली तर तो चढतो, स्थूल माणसात तो अनेकदा कमीच दिसतो. एका नव्या औषधाने तर बी.एन.पी. मुद्दामच रक्तात टिकवून धरले जाते, म्हणून ते घेणाऱ्यांची तपासणी करताना डॉक्टर एन.टी.-प्रोबीएनपी पाहतात. आकडा वाचणे डॉक्टरांकडे सोपवावे आणि आपण आपले पाय सांभाळावेत.

राहता राहिला प्रश्न आपणा सर्वांचा, जे आजारी नाहीत त्यांचा. आजाऱ्याची भेट घेणे ही आपल्या समाजाची फार चांगली रीत आहे. आपण जातो, सफरचंदांची पिशवी ठेवतो, खाटेशेजारी खुर्ची ओढून बसतो आणि दुसऱ्या कोणाला असाच झटका कसा आला होता, याची साद्यंत कथा सांगतो. त्या कथेने ऐकणाऱ्याच्या रक्तात कोणती संप्रेरके वाढत असतील, हे आता वाचकांना निराळे सांगायला नको. डॉक्टरांनी ज्याला चालण्याची परवानगी दिली आहे, त्याच्याकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा फळे नेली नाहीत तरी चालेल. त्याच्या चपला दाराशी आणून ठेवा आणि म्हणा, "चला, फाटकापर्यंत जाऊन येऊ." तो बिचकेल, घरचे रागावतील. तुम्ही घाई करू नका. त्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळवून चाला, आणि तो थांबला की थांबा.